विश्वासाचं धाडसी पाऊल: पारखण्यापासून आढाव्यापर्यंत

विश्वासाचं पाऊल म्हटलं की सगळं सोडून निघालेला माणूस डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात विश्वासणाऱ्यांची झोप उडवणारे प्रश्न बरेच निरनिराळे असतात. पगाराची नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जायचं का? घरच्यांचा विरोध असताना बाप्तिस्मा घ्यायचा का? अनाथ मुलाला घरात आणायचं का? ज्याने फसवलं त्याच्याशी पुन्हा बोलायचं का? भरवसा सगळीकडेच लागतो, पण दर ठिकाणी त्याची रीत वेगळी असते. ती न ओळखल्यामुळे काही जण नको तिथे उडी मारतात आणि काही जण वर्षानुवर्षं काठावरच उभे राहतात.

भरवसा देवावर ठेवायचा असतो, आपल्या बेतावर नव्हे. एवढं मनात पक्कं झालं की हिशेब मांडायला, सल्ला विचारायला आणि वेळ पडली तर बेत बदलायलाही भीती वाटत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच आधारावर आहेत.

पहिली पायरी: पाऊल एका वाक्यात लिहा

"मला प्रभूसाठी काहीतरी मोठं करायचंय" हे पाऊल नाही, ती तळमळ आहे. पाऊल लिहिताना काय करणार, केव्हापासून, कोणाबरोबर आणि त्यासाठी काय सोडणार या चार गोष्टी वाक्यात आल्या पाहिजेत. "येत्या जूनपासून नोकरी सोडून, पत्नीच्या संमतीने, मंडळीच्या मुलांमधल्या कामाला पूर्ण वेळ देणार" असं लिहिलं की त्यावर प्रार्थना करता येते, कोणाला विचारता येतं आणि वर्षभराने ते तपासताही येतं.

त्या वाक्याखाली तीन रकाने आखा: आज्ञा, ओझं, इच्छा. पवित्र शास्त्रात सर्व विश्वासणाऱ्यांना जे सरळ सांगितलंय ते आज्ञेत घाला. देव हे खास आपल्याला सांगतोय असं बरेच दिवस मनातून जात नसेल तर ते ओझ्यात जाईल. जे आपल्याला नुसतं हवं आहे ते इच्छेत. इच्छा असणं पाप नाही, पण तिला ओझ्याचं नाव दिलं की फसगत सुरू होते. नोकरीतल्या वरिष्ठाचा कंटाळा आलेला असतो आणि माणूस म्हणतो, "प्रभू मला सेवेला बोलावतोय." दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. म्हणूनच दोन्ही लिहायचं.

गोष्ट आज्ञेच्या रकान्यात बसत असेल तर खुणेची वाट बघू नका. चोरलेले पैसे परत करणं, खोटी साक्ष मागे घेणं, क्षमा करणं, विचारलं असता आपला विश्वास न लपवणं यासाठी वेगळं मार्गदर्शन लागत नाही. येशूला भेटलेल्या जक्कय नावाच्या जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट द्यायचं तिथल्या तिथे ठरवलं. इथे एक खबरदारी हवी. क्षमा करणं म्हणजे मारहाण करणाऱ्याच्या घरी परत जाणं नव्हे. क्षमा आज मनापासून करता येते. पुन्हा एकत्र राहणं हा वेगळा निर्णय आहे आणि त्यासाठी समोरच्याचा पश्चात्ताप आणि आपली सुरक्षितता आधी बघावी लागते.

दुसरी पायरी: भरवसा आहे की देवाची परीक्षा?

सैतानाने येशूला मंदिराच्या शिरोभागावर नेलं, खाली उडी टाक म्हणाला आणि वर वचनही ऐकवलं. वचन खरंच शास्त्रातलं होतं. येशूने ते खोटं ठरवलं नाही, परमेश्वराची परीक्षा पाहू नकोस एवढंच उत्तर दिलं. म्हणजे हातात वचन आहे एवढ्यावरून पाऊल बरोबर ठरत नाही.

बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या १४व्या अध्यायात हीच चूक दुसऱ्या बाजूने दिसते. देवाने देशात जा म्हटलं तेव्हा लोक घाबरून थांबले. शिक्षा ऐकल्यावर, आता जाऊ नका म्हटलं असतानाही, ते डोंगर चढून गेले. मोशे आणि कराराचा कोश छावणीतच राहिला आणि लोकांनी मार खाल्ला. आदल्या दिवशी जे विश्वासाचं ठरलं असतं तेच पाऊल दुसऱ्या दिवशी उद्धटपणाचं झालं.

स्वतःला विचारून बघा. हे फसलं तर नुकसान कोण भोगेल, मी की माझ्या नकळत माझी मुलं आणि ज्यांचं मी देणं लागतो ते लोक? हे पाऊल कोणालाच कळणार नसेल तरी मी उचलेन का? आणि "आता देवाला काहीतरी करावंच लागेल" असं मनाच्या कोपऱ्यात कुठे आहे का? तिसऱ्याचं उत्तर होय असेल तर थांबा. तो देवाला पेचात पकडण्याचा प्रकार आहे.

तिसरी पायरी: प्रार्थनेला मुदत आणि वही द्या

"प्रार्थना करतोय" म्हणत दोन वर्षं काढणं सोपं असतं. आधीच मुदत ठरवा. एखाद्या लहान पावलाला आठवडा पुरतो. नोकरी, स्थलांतर, दत्तक मूल अशा बाबींत किमान तीन महिने द्यावेत. यरुशलेमेचा तट पडून असल्याची बातमी पारसाच्या राजाच्या पदरी असलेल्या नहेम्याला यहुदी पंचांगातल्या किसलेव महिन्यात कळली आणि तो राजापुढे बोलला निसान महिन्यात. मध्ये सुमारे चार महिने गेले. त्या काळात तो नुसता रडत बसलेला नव्हता. राजाने विचारताच त्याने किती दिवस लागतील ते सांगितलं, कोणत्या अधिकाऱ्यांना पत्रं हवीत आणि लाकूड कोणाकडून हवं तेही सांगितलं. प्रार्थनेच्या महिन्यांतच त्याची यादी तयार झाली होती.

वहीचं पान उभं चार भागांत आखा: तारीख, काय मागितलं, कोणतं वचन वाचलं, काय घडलं. चौथा रकाना बहुतेक दिवस कोराच राहील, तो तसाच ठेवा. "१२ तारीख. सासऱ्यांशी बोलायला धैर्य मागितलं. नहेम्या २. बोललो, ते चिडले, पण पूर्ण ऐकून घेतलं." नोंद इतकीच पुरे. भावनेच्या भरात पानं भरू नका, कारण तीन महिन्यांनी मागे वळून बघायला घटना लागतात. ब्रिस्टलमध्ये १८३६ साली अनाथगृह सुरू करणाऱ्या जॉर्ज म्युलर (१८०५–१८९८) यांनी आपल्या प्रार्थना आणि त्यांची उत्तरं वर्षानुवर्षं लिहून ठेवली. त्यांच्या गृहांतून १०,०००हून जास्त मुलं वाढली.

वाचन एखाद्या पुस्तकाचं सलग करा. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ती ओळ देवाची वाणी मानायची ही सवय सोडलेली बरी. तसं केलं की मनात आधीपासून असलेलंच माणसाला सापडतं.

उपास करायचा असेल तर आठवड्यातून एक जेवण सोडून सुरुवात करा, पाणी पीत राहा आणि जेवणाचा तो वेळ खरोखर प्रार्थनेला द्या. मधुमेह असेल, गरोदरपण असेल किंवा रोजची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास नको. टीव्ही किंवा मोबाइल बाजूला ठेवूनही वेळ काढता येतो.

खूण म्हणून लोकर मांडून देवाकडे खात्री मागणाऱ्या गिदोनाचा दाखला हमखास दिला जातो. पण गिदोनाला काय करायचं ते आधीच स्पष्ट सांगितलं होतं. लोकर त्याने भीतीपोटी मांडली आणि देवाने त्याची दुर्बलता सांभाळून घेतली. "शुक्रवारपर्यंत अमक्याचा फोन आला तर देवाची इच्छा" अशा अटी घातल्या तर फोन आला तरी शंका उरते आणि नाही आला तर माणूस मुदत वाढवतो.

चौथी पायरी: पारखणारी माणसं

अंत्युखियाच्या मंडळीत संदेष्टे आणि शिक्षक उपास करून उपासना करत असताना बर्णबा आणि शौल (म्हणजेच प्रेषित पौल) यांना सेवेसाठी वेगळं करा असं पवित्र आत्म्याने सांगितलं. सगळ्यांनी पुन्हा उपास आणि प्रार्थना केली, हात ठेवले आणि मगच दोघांना पाठवलं. पाचारण दोघांचं होतं, तरी ते इतरांच्या देखत पारखलं गेलं.

तीन ते पाच माणसं निवडा. त्यांत तुमचे पाळक किंवा मंडळीतले वडील असावेत, असं पाऊल पूर्वी उचललेली एखादी व्यक्ती असावी आणि तुमच्या म्हणण्याला सहसा मान न डोलावणारंही कोणीतरी असावं. सगळे होकार देणारेच निवडले तर ती पारख होत नाही.

विचारायचं कसं, हे फार महत्त्वाचं आहे. "देवाने मला सांगितलंय" असं म्हणून बसलात की समोरच्याचं तोंड बंद होतं. देवाच्या विरोधात कोण बोलणार? त्याऐवजी म्हणा, "देव मला इकडे नेतोय असं वाटतं. तुम्ही पारखून सांगा, कुठे चुकत असेन तर स्पष्ट बोला." पौलाने थेस्सलनीकाकरांना संदेश तुच्छ मानू नका म्हटलं आणि लगेच पुढे सगळ्याची पारख करायलाही सांगितलं. प्रत्येक हरकत लिहून घ्या. लगेच उत्तर देऊ नका, आठवडा जाऊ द्या. आठवड्यानंतरही ज्या हरकतीवर उत्तर सुचत नाही तिच्याकडे नीट बघा.

पती किंवा पत्नी तयार नसेल तर ओझ्याच्या बाबतीत थांबणंच योग्य. बोलावणारा देव दोघांचा आहे आणि तो दुसऱ्याशीही बोलू शकतो. जोडीदारावर वचनांचा मारा करून मिळवलेली संमती पहिल्या अडचणीतच गळून पडते. मात्र गोष्ट आज्ञेची असेल तर माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, हे प्रेषितांनी सभेपुढे सांगितलंच आहे. तेव्हाही सूर नम्र असावा. विरोध हिंसेपर्यंत जाण्याची शक्यता असेल तर राहायची सुरक्षित जागा आधी बघून ठेवावी.

एक इशारा द्यायलाच हवा. "विश्वासाने एवढी रक्कम दे, देव कितीतरी पटीने परत देईल" असं म्हणून कोणी तुमची बचत मागत असेल तर देऊ नका. कुरकुरत किंवा दबावाखाली देऊ नये, प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, ही पौलाची शिकवण आहे. देवाच्या नावाने घाई करवणारा माणूस तुमच्या पावलाचा मार्गदर्शक होऊ शकत नाही.

पाचवी पायरी: खर्च मोजा

या पायरीवर अनेक जण अडखळतात, कारण हिशेब करणं त्यांना अविश्वास वाटतो. एज्राच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायाकडे बघा. एज्रा लोकांना घेऊन बाबेलहून यरुशलेमेला निघाला होता. वाटेत शत्रू असताना त्याने राजाकडे सैनिक आणि घोडेस्वार मागितले नाहीत. आमचा देव सांभाळतो असं राजाला सांगितल्यावर संरक्षण मागायची त्याला लाज वाटली. अहवा नदीपाशी त्याने उपास जाहीर केला. आणि तिथेच, त्याच दिवसांत, मंदिरासाठी मिळालेलं सोनं-रुपं तोलून १२ मुख्य याजकांच्या हाती दिलं: ६५० किक्कार (वजनाचं जुनं माप) रुपं, १०० किक्कार रुप्याची पात्रं, १०० किक्कार सोनं. यरुशलेमेत पोचल्यावर चौथ्या दिवशी सगळं पुन्हा तोललं आणि वजनाची नोंद केली. ज्याने सैनिक नाकारले त्यानेच सोन्याचा वाटीवाटीचा हिशेब ठेवला. त्याचा भरवसा आणि त्याचा काटेकोरपणा एकाच मनातून आले होते.

म्हणून कागदावर मांडा. घरखर्च महिन्याला किती, कर्जाचे हप्ते किती आणि केव्हा संपणार, आपल्यावर कोण कोण अवलंबून आहे, आजारपणाची सोय काय. उत्पन्न थांबणार असेल तर सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा आणि मोठं कर्ज शक्यतो फेडलेलं असावं. हा शास्त्राचा नियम नाही, व्यवहाराचा सल्ला आहे. पण घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात फार कडक शब्द आहेत. कर्ज काढून विश्वासाचं पाऊल टाकू नका. त्यात धोका तुमचा नसतो, कर्ज देणाऱ्याचा असतो.

थांबायची खूणही आत्ताच, शांत डोक्याने ठरवा. "शिल्लक दोन महिन्यांच्या खर्चावर आली की अर्धवेळ काम शोधायचं" असं लिहून ठेवा. यात कमीपणा नाही. करिंथमध्ये पौल अक्विल्लाबरोबर तंबू शिवत होता आणि सीला व तीमथ्य आल्यावर त्याने सगळा वेळ वचनाला दिला. त्या शहरात तो दीड वर्ष राहिला.

लोकांकडे मदत मागावी का? म्युलर यांनी माणसांकडे पैसे न मागता फक्त देवाजवळ मागायचं ठरवलं होतं. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत व्याख्यानं देऊन आपलं काम लोकांपुढे मांडलं, १८८७ साली बोस्टनमध्ये त्यांच्यासाठी मंडळ स्थापन झालं, त्याने दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं, आणि १८८९ मध्ये शारदा सदन उघडलं. एज्राने सैनिक मागितले नाहीत, नहेम्या राजाने दिलेले अधिकारी आणि घोडेस्वार घेऊन गेला. दोन्ही रीती विश्वासाच्याच आहेत. आपल्याला कोणती सोपवली आहे ते ठरवा आणि तिला चिकटून राहा. "आम्ही मागत नाही" म्हणत प्रत्येक साक्षीत गरजेचा आकडा सुचवत राहणं, ही मात्र अप्रामाणिकता आहे. देणग्या येणार असतील तर खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा, सही दोघांची ठेवा आणि हिशेब दर तीन महिन्यांनी दात्यांना दाखवा.

सहावी पायरी: निघणं

मुदत संपली, पारख झाली, हिशेब जमला, तरी शंभर टक्के खात्री बहुधा येत नाही. ती येईपर्यंत थांबायचं म्हटलं तर कोणीच निघणार नाही. यार्देन नदीला पूर आलेला असताना याजकांचे पाय पाण्यात पडले आणि मग पाणी अडलं. शत्रूच्या ठाण्यावर चालून जाताना शौल राजाचा मुलगा योनाथान शस्त्रवाहकाला म्हणाला तेसुद्धा "कदाचित परमेश्वर आपल्यासाठी काही करील" असंच होतं.

कामांची यादी करून तिचे दोन भाग पाडा: परत फिरता येईल अशी कामं आणि परत फिरता येणार नाही अशी. महिनाभर सुट्टी घेऊन सेवेच्या ठिकाणी राहून बघणं पहिल्या भागात येतं, राजीनामा आणि घर विकणं दुसऱ्यात. आधी पहिला भाग पूर्ण करा. पेत्रानेही नावेतून उतरण्याआधी पाण्यावरून चालत येणाऱ्या येशूला, आपण असाल तर मला यायची आज्ञा करा, असं विचारलं आणि "ये" ऐकल्यावर पाय बाहेर टाकला.

वाटेत अडथळा आला की "दार बंद झालं" म्हणायची घाई नको. इफिसात मोठं दार उघडलंय आणि विरोध करणारेही पुष्कळ आहेत, असं पौलाने एकाच वाक्यात लिहिलं. आणि प्रत्येक उघडं दार आपलं नसतं. जवळच राहणारे गिबोनचे लोक दूर देशाहून आल्याचं भासवत शिळ्या भाकरी आणि फाटके बुधले दाखवून करार करायला आले तेव्हा सगळं पटण्यासारखं होतं. इस्राएलाने परमेश्वराला विचारलंच नाही आणि तीन दिवसांत फसवणूक कळली.

सातवी पायरी: भीती आणि थकवा

भीती वाटते म्हणजे विश्वास नाही, असं नव्हे. ५६व्या स्तोत्राचा कर्ता भीती वाटते तेव्हा तुझ्यावर भरवसा ठेवतो असं म्हणतो, भीती गेल्यावर नव्हे. रात्री धडधड वाढली तर उठून भीती एका वाक्यात लिहा: "पैसे संपतील आणि मुलांची शाळा सुटेल." त्याखाली लिहा की तसं झालं तर मी पहिलं काय करेन. मग बुडताना पेत्राने केली तेवढीच प्रार्थना करा: "प्रभू, मला वाचव." ती तीन शब्दांची होती आणि येशूने लगेच हात पुढे केला.

एक नियम मोडू नका: थकलेल्या अवस्थेत परत फिरायचा निर्णय घ्यायचा नाही. कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर एलीया संदेष्टा मरण मागत झाडाखाली पडला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. दोनदा झोप, दोनदा भाकर आणि पाणी दिलं. प्रश्न नंतर विचारला. झोप, जेवण आणि एका विश्वासू माणसाशी बोलणं झाल्यावरही तेच वाटत असेल तर विचार करा.

उशीर ही वेगळी परीक्षा आहे. अब्राम ७५ वर्षांचा असताना हारानहून निघाला. इश्माएल झाला तेव्हा तो ८६ वर्षांचा होता आणि इसहाकाच्या जन्मावेळी १०० वर्षांचा. अकराव्या वर्षाच्या सुमारास त्याने आणि त्याची बायको सारायने मूल देण्याचं देवाचं वचन दासी हागारकडून मूल मिळवून, स्वतःच्या युक्तीने पुरं करायचं ठरवलं आणि त्याची किंमत हागार आणि तिच्या मुलाने मोजली. वाट बघणं असह्य झालं की माणूस कोणाला तरी वापरायला लागतो. आपल्या घाईची झळ कोणाला बसते ते बघत राहा.

आढावा, आणि पाऊल फसलं तर

३० दिवसांनी, ९० दिवसांनी आणि वर्षाने, ज्यांनी पारख केली त्याच माणसांबरोबर बसा. पहिल्या आढाव्यात फळ शोधू नका, फक्त घर आणि तब्येत टिकली आहे का ते बघा. दुसऱ्यात काम चाललंय का ते बघा. वर्षाने मात्र पहिलं वाक्य काढून शब्द न् शब्द ताडून पाहा. ठरवलं होतं तसं घडलंच पाहिजे असं नाही. पौलाला दृष्टान्तात मदतीला बोलावणारा मासेदोनियाचा पुरुष दिसला. फिलिप्पैत त्याला नदीकाठी लुदिया ही स्त्री भेटली आणि पुढे तुरुंगही. तरी बोलावणं खोटं ठरलं नाही.

आणि पाऊल खरोखर फसलं तर? "देवाने आता वेगळं सांगितलंय" असं म्हणून सुटका करून घेऊ नका. आगीच्या भट्टीसमोर उभ्या असलेल्या तिघांनी राजाला सांगितलं होतं की आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. ते "नाही सोडवलं तरी" अशा दिवशी लागतं. मग कामाला लागा. ज्यांनी पैसे दिले त्यांना हिशेबासह पत्र लिहा, उरलेली रक्कम परत हवी की दुसऱ्या कामाला द्यायची ते त्यांना विचारा. ज्यांना काम दिलं होतं त्यांचं देणं आधी चुकवा. पती-पत्नीने आणि मुलांनी काय सोसलं ते त्यांच्या तोंडून ऐका, मध्ये वचन न टाकता. पाळकांबरोबर बसून दोन गोष्टी वेगळ्या करा: कुठे आपण चुकलो आणि कुठे फक्त परिस्थिती आड आली. पहिलीसाठी क्षमा मागा. दुसरीसाठी मागू नका. वहीचा चौथा रकाना जे घडलं ते लिहून भरा आणि पुढचे किमान तीन महिने कोणतंही नवीन मोठं पाऊल न उचलता मंडळीत साध्या जागी बसून उपासना करा.